भार

दुपारी सव्वातीनला, डिचोली बसस्टँडमागच्या माझ्या दुकानात,
इनास फर्नांडिसला एक-चौदाच्या उताऱ्यासाठी
सर्व्हे नंबर विचारत होते.
माउसवर माझा हात नव्हता
आणि बाण चालत होता.

सरळ नाही. जरा थांबत, वाट नवीन असल्यासारखा.
एक काळी चौकट उघडली, मिटली,
पापणी लवावी तेवढ्यात.
"बाये, हें कोण करता?" इनासने विचारलं.
कोणी नाही, मी म्हटलं.

मी साळची. शिमग्यात गड्यांवर भार येतो
ते बापाच्या खांद्यावरून पाहिलेलं.
अंग ओळखीचं: पुनो सुतार,
परवाच आमच्या दाराला बिजागरी ठोकून गेलेला.
धाव मात्र भलत्याचीच.
मी हाक मारली तर आईने तोंडावर हात ठेवला.
आता तो पुनो नव्हे, म्हणाली.

मी केबल ओढली.

म्हापशाहून विशांत आला, हेल्मेट काढता काढता म्हणाला,
काय दाबलंस?
काही नाही. एक पान उघडलं. कडेला एक चित्र होतं,
नारळ सोलायच्या यंत्राचं.
तेवढं पुरतं, म्हणाला.
ब्राउझर चित्र वाचायला गेला, मापाबाहेर प्यायला,
वरून जे सांडलं
तो हुकूम होता.
भोक जुनंच.
बुजवायचा चुना आठ दिवसांपूर्वीच येऊन पडलाय.

आठ दिवस मी 'नंतर' दाबत होते.
मागीर. मागीर.
रांग होती, वीजबिलं होती, पेन्शनचे दाखले होते.

शटरला दोन कुलपं आहेत.
देवचाराचा रोट आणि सोरो मी एकदाही चुकवलेला नाही.
तो रात्रभर काठी आपटत शीव राखतो,
पण ही शीव
त्याला कोणी दाखवली होती?

पहाटे भार उतरल्यावर
पुनोला विचारलं होतं मी, कुठे होतास?
चहा फुंकत म्हणाला, इथेच.
मशीनही तसंच. पुन्हा सुरू झालं,
तोच निळा पडदा, तेच 'स्वागत आहे'.
कुणाचे आधार नंबर, कुणाचे अंगठे
घेऊन कुठवर धावून आलं,
अक्षर बोलत नाही.
विशांतही नुसता खांदे उडवतो.

पडद्यावर गोल फिरतोय. चाळीस टक्के.
इनास अजून बाकावर,
सुटे पैसे घामेजल्या मुठीत.
"मागीर येऊं?" म्हणतो.

नको, मी म्हणाले.
बस.