दक्षिणेची ओळ

ओरुरोच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर बिघडलेला,
एवारिस्ता वालेरो बोटांवर फुंकर घालत
शहाऐंशीच्या तळ्यातून
यंदाचं तळं वजा करते आहे.

संगणक म्हणतो, चौकटी जुळत नाहीत.
नव्या रास्टरमध्ये ओळी दोन हजार एकशे चार,
जुन्यात एक कमी.
शिवाय जुनी जाळी अर्ध्या पिक्सेलनं पूर्वेला सरकलेली.
पंधरा मीटर.
पंधरा मीटर म्हणजे एक होडी, तिची वल्ही,
आणि वळवायला जागा.

चादरीची घडी घालायची तर
समोर कुणीतरी टोकं धरून उभं लागतं.
इथे समोर एक साल उभं आहे
आणि ते हात पुढे करत नाही.
ती एकटीच ओढते, कोपऱ्याला कोपरा लावते,
शेजारच्या रकान्याचा आकडा उचलून
सरकलेल्या रकान्यात ठेवते.

मग खिडकी उघडते, पर्याय दोन:
दोघांत सामाईक तेवढंच,
की दोघांचं मिळून सगळं?
सामाईक सोपं. उत्तर झटकन येतं, स्वच्छ,
काठ कातरलेलं.

म्हातारे रुफिनो माउरिसिओ सकाळपासून बसून आहेत,
टोपी मांडीवर.
तळं होतं, अशा दाखल्यावर सही करायला आलेत
तीन तास टेम्पोच्या मागे बसून,
एके काळी जिथून होडी हाकली त्या पांढऱ्या मिठावरून.
ते वाकतात. स्क्रीनवर बोट फिरवतात,
खाली, आणखी खाली,
काच संपून काळ्या प्लास्टिकवर.
"इथे माझा खुंट होता."

एवारिस्ता एक पाऊल मागे जाते.
दुसरा पर्याय निवडते.
तळाशी काळी पट्टी उमटते, एका ओळीची.
ती त्यावर टिचकी मारते: उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव.

म्हातारा आकडा दोनदा वाचतो.
"छे गं! एवढं खोल कुठलं?
कमरेइतकं. वारा असला तर छातीपर्यंत."

"खोली नाही ही, काका.
माहिती नाही, असं लिहायची रीत आहे."

"मग मला विचारा की."

हीटर खालच्या मजल्यावर कुणाचा तरी खडखडतो.
वजाबाकी अर्धीच.
ती कीबोर्ड बाजूला सारते,
पाठकोरा कागद ओढून घेते
आणि आधी विचारते,
वारा कुठून यायचा.