धुडकू तेल्याची हजामत

पारावर पाच जण, आणि समोर धुडकू तेली,
घाण्यावरून तसाच उठवून आणलेला,
कोपरापर्यंत तिळाची पेंड.
विचारलं, तू त्यासना शे का?
तो म्हणाला, शे.
पाटलानं चिलीम खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता.
नही म्हन, भो. एकदाव नही म्हन,
मंग घरमा काय बी कर.
मी कडेला उकिडवा, धोपटी मांडीवर,
त्याच्या वतीनं मनातल्या मनात
'नही' म्हणून मोकळा झालेलो.
खाली बुराईच्या वाळूत टिटवी ओरडत होती.
तो म्हणाला, शे.

एवढ्याशा शब्दाला शिक्षा फार लांब.
विहीर बंद. विस्तव बंद.
त्याच्या तेलाला कुणी भांडं लावायचं नाही.
आणि दगा, तू त्याच्या डोक्याला हात लावायचा नाही.
दगा म्हणजे मी.
नाव ठेवलं तेव्हा त्यात काही अर्थ नव्हता.

बैल मात्र फिरत राहिला, डोळ्यांना झापडं.
त्याला कुणी ठराव सांगितला नव्हता.
रात्री घाण्याची करकर यायची
आणि आमचे दिवे दोंडाईच्याच्या तेलावर धुरकटायचे.
चैतापर्यंत त्याची दाढी छातीला टेकली.
पोरं म्हणायची, साधू झाला.
गावाचं पंचांग जोशाकडे,
माझं त्याच्या डोक्यावर.

पटकीत गेला.
खांद्याला धुळ्याहून चौघं यायची होती, उजाडेपर्यंत.
ठगूबाई माझ्या मागच्या दारी आली.
बोलली नाही.
वाटीभर तेल उंबऱ्यावर ठेवून गेली.

मी गेलो.
कंदील नको म्हणालो, बोटांनीच चेहरा शोधला.
वस्तरा उतरत गेला तसा
केसांखालून तोच निघाला, पारावरचा,
ओठ थोडे उघडे,
कुणी पुन्हा विचारलं तर तयार.

परतताना नदीत कोतवाल.
तू तठे गयथा का?
नही.
पुढे पाटील, टमरेल घेऊन निघालेला.
तूच व्हता का रे त्या घरमा?
नही, मी कशाला.
घरी बायको अंथरुणातूनच म्हणाली,
हातास्ले कसाना वास येस?
कसानाच नही.

मग कोंबडं आरवलं.
आमचंच, कुडावरचं, रोजचं.
मी वस्तरा धूत होतो.
पाणी तेलकट, निघता निघेना.

ती वाटी अजून फडताळात आहे.
शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत.
आणि भरून द्यावं
असं माझ्याकडे काय होतं?