कळविण्यात येते की

कळविण्यात येते की
तलावाचं पाणी उतरल्यामुळे
बी विंगच्या बाजूने वास येईल, आठेक दिवस.
खिडक्या बंद ठेवाव्यात.

आधी लिहिलं होतं, मासे मेलेत.
खजिनदार ओक म्हणाले, मासे कशाला?
भाड्याने जागा बघायला लोक येतात.
मग मासे खोडले.

फलकाची काच नीट सरकत नाही.
किल्ली माझ्याकडे, नऊ वर्षं.
निवडणुकीला दुसरं कोणी उभं राहत नाही
म्हणून मी सेक्रेटरी.
अक्षर बरं आहे, एवढीच पात्रता.

गच्चीचं डांबर झालं, टाक्या धुतल्या,
दोन नंबरचा पंप पुन्हा माहेरी गेला.
गटार उपसलं त्यात निघाले
सात चेंडू, एक कवळी
आणि वाघमोड्यांच्या नातवाचं प्रगतिपुस्तक,
जे म्हणे शाळेतूनच मिळालं नव्हतं.
कवळीबद्दल सूचना लावली.
प्रगतिपुस्तक पंपाच्या खोलीत वाळवलं
आणि त्याचं त्याला दिलं.

एकशे चारमध्ये पदू भोईर.
आमचं पार्किंग आहे तिथे त्यांचं खाचर होतं.
बदल्यात मिळालेल्या दोन खोल्यांची
तलावाकडे पाठ.
आषाढ लागला की ते खाली येतात,
फलकासमोर उभे राहतात, चष्म्याशिवाय,
म्हणजे वाचत नाहीत,
आणि माझ्याकडे न बघता सांगतात,
"औंदा पानी पायरी सोरनार. गार्‍या वर काढा."

मी लिहिते,
हवामान खात्याच्या अंदाजानुसार.
'पदू भोईर यांच्या म्हणण्यानुसार' लिहिलं
तर बाळकुमच्या या सात मजल्यांत
कोण गाडी हलवेल?

त्या बुधवारी, रात्री अडीचला, पाणी गेटातून आत आलं.
छत्तीस गाड्या चढावर होत्या.
एक खाली होती. ओकांची.
सकाळी पदूकाका कठड्याशी चहा पीत होते,
पार्किंगमधलं पाणी बघत,
जसं कोणी बऱ्याच दिवसांनी
आपल्या घरात डोकावतं.

कळविण्यात येते की
विसर्जन तलावात नाही, कृत्रिम हौदात.
कळविण्यात येते की
जलपर्णी काढायला माणसं येतील, त्यांना पाणी विचारावं.
कळविण्यात येते की
चांदवे आलेत. गॅलरीतून फटाके उडवू नयेत.
त्याखाली कोणीतरी पेन्सिलने:
पाहुण्यांची वहीत नोंद केली का?
ते मी पुसलं नाही. थंडीभर राहू दिलं.

माघात पदूकाकांचा मुलगा आला,
कागद घेऊन. जागा विकतोय.
बाबांना जिना जमत नाही,
भिवंडीला बहिणीकडे तळमजला आहे.
सोसायटीचं ना हरकत पत्र हवं होतं.
मी छापील नमुना काढला,
सही केली, शिक्का मारला.
हरकत होती.
रकाना नव्हता.

आता एकशे चारमध्ये
नवं जोडपं आहे, सभ्य, वेळेवर मेंटेनन्स भरणारं.
त्यांनी विचारलं, इथे पाणी तुंबतं का?
मी म्हटलं, तुंबत नाही,
येतं.

परवा भिवंडीला फोन लावला.
लेकीने त्यांच्या कानाशी धरला.
काका, यंदा?
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाले, "मना काय दिसतंय हितशी?
मुठा कवरा वर चरलाय, ता बग पयला."

म्हणून रात्री साडेअकराला
बॅटरी घेऊन मी तलावाच्या पायऱ्यांवर आहे,
साडीचा काठ चिखलात,
वर गॅलरीतून ओक विचारतायत, काय हरवलं?
काही नाही, म्हणते.

तिसऱ्या पायरीच्या फटीत एक,
चौथीवर दोन,
आणि एक अगदी वर, कठड्याच्या सिमेंटला नखं रोवून,
उजेडात डोळे न मिटता.

सकाळी फलकावर कागद लावायचा आहे.
'गाड्या चढावर लावाव्यात' एवढं लिहून झालंय.
कोणाच्या अंदाजानुसार,
ती जागा अजून कोरी आहे.