दीडपट

नायनाचा निरोप एक मिनिट बावन्न सेकंदांचा होता.
मी तो दीडपट वेगानं ऐकला,
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीआधी,
आणि अंगठा पाठवला. पिवळा.

जुळे सोलापूर ते नीलम नगर
रिक्षानं पंचवीस मिनिटं.
एवढ्या अंतरातही आम्ही हल्ली
नुसते आवाज पाठवतो एकमेकांना.

शेडमध्ये तर कुणालाच काही ऐकू येत नसे.
आठ माग एकदम चालले की
पत्र्याखाली बोलणं म्हणजे वेगळंच काम.
कांडीवाली अंबुबाई नुसत्या ओठांनी म्हणायची, पाणी,
आणि नायना टॉवेलावरची नजर काढून
तिच्याकडे पूर्ण वळायचा.
पूर्ण. खांद्यासकट.
अर्धवट वळून तिथं काही कळायचंच नाही.
बीम संपत आला हे गुंडय्यामामाच्या भुवईवरून,
मालक आला हे कुणाच्या तरी पंजावरून.
आणि यल्लव्वाचं पोर गेलं त्या दिवशी
ती दारात नुसती उभी राहिली,
तोंड उघडलंच नाही तिनं,
तरी एकामागून एक माग थांबले.

डावा कान सत्तर टक्के गेलाय, डॉक्टर म्हणाले.
उजव्याचं ते कॉम्प्युटरकडं बघत बोलले,
म्हणून ते नायनाला ऐकू आलं नाही.

माझे दोन्ही शाबूत.
कुणाचं बारसं, कुणाचा घटस्फोट,
बेळगावच्या कुठल्याशा बाईचं रडणं
आणि खाली भांड्यांच्या साबणाची जाहिरात,
सगळं पोचतं माझ्यापर्यंत.
प्रत्येकाला काही ना काही देते मी.
बदाम. जोडलेले हात. फारच झालं तर दोन थेंब.
परवा श्यामलाचा फोन होता,
"अक्का, गाठ आहे म्हणतात."
मी "वा" म्हणाले.
ते वा, खरं तर, स्क्रीनवरच्या
खोबऱ्याच्या वडीला होतं.
ती गप्प झाली.
मला वाटलं, रेंज गेली.

रात्री नायनाचा अजून एक आला. चार सेकंदांचा.
विन्नावा?
ऐकलंस का, एवढंच.

मग मी पहिला पुन्हा लावला, साध्या वेगात.
साध्या वेगात नायना म्हातारा आहे.
जेवलीस का, म्हणतो आणि थांबतो,
मी काहीतरी म्हणेन म्हणून.
यंत्राशी बोलतोय, तरी थांबतो.
मग पोरांची परीक्षा, कडक भाकरी बांधून ठेवल्यात,
गड्ड्याला यंदा तरी या.
मग परत थांबतो. अकरा सेकंद.
मोजले मी.

त्या अकरा सेकंदांत मागं काहीच नव्हतं.
एक कुत्रं. अक्कलकोट रोडचा ट्रक. त्याचा श्वास.
माझ्या जन्मापासून त्याच्या प्रत्येक वाक्याखाली
जी खडखड होती, जोत्यासारखी,
ती नव्हती.
शेवटी त्यानं सांगितलंही होतं म्हणा, घाईत,
आपणच काही चुकल्यासारखं:
भंगारवाला येऊन गेला. किलोवर दिले आठही.
पत्रे ठेवलेत, सावलीला.

यालाच मी अंगठा दाखवला होता.

सकाळी फोन न करता निघाले.
"नीलम नगर ना?" रिक्षावाला म्हणाला.
म्हटलं, आधी अशोक चौक, बहिणीकडं.
"काय?" त्याच्या कानात बटणं, मान गाण्यावर हलत होती.
पुन्हा सांगितलं. पुन्हा काय.

मग मी पुढं सरकले, आरशात त्याला
माझं तोंड नीट दिसेल अशी,
आणि अंबुबाईसारखे ओठ मोठे करून,
आवाज न काढता, म्हटलं,
आ धी
ब हि णी क डं.

त्यानं एक बटण काढलं
आणि वळला.