संकेतांक नऊ

तरसाळीच्या शाळेत, अठ्ठ्याण्णव साली,
मुली रांगेत उभ्या, एकेक बोट पुढे करून.
"बेन, दुखशे?"
"मुंगीएवढं," मी मराठीतच म्हणायचे
आणि त्यांना ते कळायचं.
नऊ पूर्णांक दोन. आठ पूर्णांक सात.
रक्त फिकं, रिबिनी मात्र लालभडक.

प्रश्न तेवीस: काळजी वाटली तर कुणाला सांगतेस?
आई, मैत्रीण, शिक्षिका, कुणालाच नाही, इतर.
चारशे बारा नंबरच्या मुलीनं 'इतर'वर खूण केली
आणि समासात गुजरातीत लिहिलं:
गच्चीवरच्या टाकीला. रिकामी असते तेव्हा.

टाकीला संकेतांक नव्हता. मी नऊ लिहिला.

निबंध छापून आला, मी रीडर झाले.
जिनिव्हात पडद्यावर ती दिसली,
एक पूर्णांक एक टक्क्यात कुठेतरी.
कुणीतरी नमुन्याच्या आकाराबद्दल विचारलं.

त्याच वर्षी दांडिया बाजारच्या घरात
शाल्मली पंधराची झाली.
सहाशे मुलींची उंची मला तोंडपाठ,
आणि तिची दारावरची पेन्सिलीची रेघ
अकराव्या वर्षीच थांबलेली.

काल विभागातली खोली रिकामी करून दिली.
गठ्ठे रद्दीत, किलोला चौदा रुपये.
चारशे बारा तेवढा पर्समध्ये घातला.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे; नियम मीच शिकवले.
चाळिशीला टेकली असेल आता.
पाणी रोज येत असेल का तिच्याकडे?

रात्री शाल्मलीला फोन लावला.
"मीटिंगमध्ये आहे गं, बोल पटकन."
म्हटलं, काही नाही,
सहज.