पस्तीस डॉलर

जानेवारीत, उणे अकरा अंशांत,
सिनेटर क्रँडलची प्रचाराची बस
स्वतःलाच कोंडून बसली.
चावी आत, ड्रायव्हर बाहेर,
सिनेटर समोरच्या दुकानात बाळांचे मुके घेत.
मला फोन आला. या खोऱ्यात
कुलूपवाला मी एकटाच, ईनॉक टिबेट्स,
परवाना निघाला नव्हता तेव्हापासूनचा.

परवाना नंतर आला. म्हणजे
माझ्या हातांना जे येत होतं
ते येतं, असं लिहिलेला कागद
एकशे दहा डॉलरला विकत मिळाला.

बस चार मिनिटांत उघडली.
कुलूप हलकं होतं, मी सांगितलं नाही.
आत खोकी, टोप्या, बिल्ले, खोकल्याच्या गोळ्या,
आणि फळ्यावर आमच्या गावाचं नाव,
एक अक्षर चुकलेलं.

सिनेटर आला. हातमोजा काढून हात दिला,
एवढी रीत त्याच्याकडे होती.
"काय हवंय तुम्हाला, ईनॉक?"
पस्तीस डॉलर, म्हटलं.
तो हसला. मग मागची माणसं हसली.
"तसं नाही. माझ्याकडून. वॉशिंग्टनकडून."
काही नको.
"औषधं? रस्ता? कागदाची गिरणी पुन्हा सुरू?"
काही नको.
वाढप्यानं पळी भरून वाकावं
आणि पानावरच्यानं हात आडवा धरावा,
तसा तो वाकलेलाच राहिला.
त्याला खरंच कळत नव्हतं.

मंगळवारी गव्हर्नर हॅल्व्हर्सन आल्या, शाळेच्या जिममध्ये.
त्या म्हणाल्या, तो तुमची कमाई ओरबाडेल.
तो म्हणाला होता, त्या तुमची पोरं लढाईवर धाडतील.
मला वाटलं, एकमेकांबद्दल
दोघंही अगदी खरं बोलतात.

लोर्ना म्हणते, दगडापेक्षा वीट मऊ.
चाळीस वर्षं आपण वीटच निवडतोय, लोर्ना.
बघ, केवढी भिंत झालीय.

तशी एक वीट माझीही आहे.
मागे एकदा मार्चमध्ये शेरीफच्या माणसानं बोलावलं,
मर्टल ऑसगुडचं दार उघडायला.
घराचा कर थकला होता. कागद बिनचूक होता.
कुलूपही ओळखीचं, मीच बसवलेलं,
तिचा नवरा गेला त्या आठवड्यात,
"आता कुणी आत येणार नाही" असं सांगून.
आत ती कोट घालून सोफ्यावर बसली होती.
पस्तीस डॉलरचा सरकारी चेक
नव्वद दिवसांनी आला. मी वटवला.

ऑक्टोबरात तिसरी आली, जिचं नाव कुणी घेत नाही:
डेल्फीन रस्क, ओहायोची दातांची डॉक्टर,
स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत.
वाचनालयाच्या तळघरात आम्ही नऊ जण,
त्यातला एक ऊब घ्यायला आलेला.
ती म्हणाली, मला तुमच्यावर राज्य करायचं नाही.
छातीत काहीतरी सैल झालं.
मग म्हणाली, "निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी मी..."
आणि यादी निघाली. यादी चांगली होती.
तरी मी टोपी शोधू लागलो.

शेजारचा ऑल्डन विचारतो, मग बर्फ कोण काढणार रे?
पहाटे चारला काउंटीचा नांगर येतो,
रस्को दोनदा हॉर्न देतो,
मी खिडकीतून कप उंचावतो.
ऑल्डनला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.
कॉफी आहे.

नोव्हेंबरात मत दिलं, डेल्फीनला.
अख्ख्या काउंटीत तिला एक्केचाळीस पडली.
बाकीचे चाळीस कोण, मी कधी शोधलं नाही,
त्यांनाही ते आवडणार नाही.
रांगेत माझ्यापुढे मर्टल होती, तोच कोट.
तिनं वळून पाहिलं नाही.

मतदानाच्या खोपटाला नुसता पडदा असतो,
कडी नाही, कोयंडा नाही.
पेन्सिल उजव्या हातात घेतली
आणि डाव्यानं
पडदा धरून ठेवला.