वजन किती

इतवारीत, शहीद चौकाच्या अलीकडे
हेडाऊंच्या दोरांच्या दुकानात
पंख्याचा वाराही सुंभाच्या वासाचा.
बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर,
रस्त्यावर एक बर्फगोळ्याची गाडी आणि मी.

'कायले पाह्यजे दोर?'
मचाणावर चढायला, मी म्हणालो.
बुद्धपौर्णिमेला उमरेडकडच्या जंगलात
पाणवठ्यावर प्राणी मोजायचेत, रात्रभर.
'विहिरीचा चालन?'
नाही.
'पाळण्याचा?'
तोही नाही.
मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
'वजन किती तुमचं?'

एवढं थेट डॉक्टरनंही विचारलं नव्हतं.
ब्याऐंशी, म्हणालो.
दोन किलो दुकानाबाहेर ठेवले.

यादी सेवकराम कुमरेची, तिथला वनरक्षक.
झाड साजाचं, साल मगरीच्या पाठीसारखी,
पहिली फांदी वीस फुटांवर.
झाडाला खिळा ठोकायचा नाही.
लोखंडी शिडी नको, वाजते.
पांढरा दोर नको, चांदण्यात दिसतो.
आणि शेवटी, वेगळ्या ओळीत:
चढाचं सोडा सर, उताराचं पाहा,
पहाटे पाय झोपून गेलेले राहतात.

अंबाडीचा दोर हाताला माणसासारखा,
पण दव पिऊन फुगतो.
निळा नायलॉन स्वस्त, पण गाठ धरत नाही;
ओढला की लांबतो,
नातलगाच्या आश्वासनासारखा.
शेवटी सीताबर्डीतल्या एका माडीवर
गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान सापडलं.
तिथल्या मुलीनं कमरेला पट्टे बांधून दाखवले,
मांड्यांतून काढून, घट्ट,
आणि एक कडी माझ्या नाकासमोर उघडून मिटली.
खट्ट.
'ही दोन हजार किलो धरते, काका.'
बाकी सगळं ठीक, मला ते खट्ट ऐकू येत राहिलं.
सांबरालाही येईल.
कड्यांना जुने मोजे घालायचं ठरवून
मी पाकीट काढलं.

आमच्याकडे आजोबांचा एक फोटो आहे.
मचाणावर बसलेले, बंदूक मांडीवर आडवी,
मिशांना मेण.
शिडी फोटोत नाही.
मी लहानपणी विचारलं होतं, वर गेले कसे?
काका म्हणाले, फागू होता ना.
फागूच्या गुडघ्यावर पाय, मग खांद्यावर,
मग डोक्यावर, मग फांदी.
मग खालून फागू बंदूक देई,
सुरई देई, शंकरपाळ्यांचा डबा देई,
आणि हाक्याला धावत सुटे,
वाघ असेल त्या बाजूनं.
फागूचं आडनाव मला परवा कळलं,
सेवकराम फोनवर सहज बोलून गेला तेव्हा.

रविवारी कॉलनीतल्या कडुनिंबावर सराव केला.
सहा फुटांवर गुडघा थरथरला,
पट्टे मांड्यांत रुतले,
मी टांगलेल्या दुधीसारखा हळूहळू फिरत राहिलो.
खाली पोट्टे जमले.
'काका, त्याले आंबे नसतेत!'
चौकीदारानं धावत येऊन खांदा पुढे केला,
सवयीनं, काही न विचारता,
आणि माझा पायही, सवयीनं,
त्या खांद्याकडे गेला.
मग थांबला.
नको, म्हणालो. दोर आहे.
उतरायला अर्धा तास लागला,
तळहाताची साल गेली.

रात्री सेवकरामला फोन केला.
दोर मातकट रंगाचा घेतला, मोजेही घातले, सांगितलं.
तो हसला, बेस केलं म्हणाला.
मग मला राहवलं नाही,
विचारलं, तुझा आजा कधी बोलायचा का
आमच्या आजोबांविषयी?

पलीकडे थोडा वेळ रातकिडे.
मग म्हणाला,
'बोले ना. म्हणे, मालक लय भारी होते.'

मला आधी बरं वाटलं.
फोन ठेवला,
दिवा मालवला,
आणि मग
खांद्यात काहीतरी दुखू लागलं.